टाचेतल्या अळ्या

डॉक्टरांनी चिमट्यानं सत्ताविसावी अळी उचलून बाटलीत टाकली, तेव्हा सोमेश्वर बायकोवर ओरडला, "आईच्या पायात किडे पडले. पट्टी तूच बांधत होतीस ना? काय करून राहिली होती तू घरी?"

मनकर्णा डोक्यावरचा पदर पुढं ओढून भिंतीशी उभी राहिली.

"उद्याच तुला सेनगावला माहेरी सोडतो. आमाला न्हाई पायजे अशी बाई."

सोमेश्वरच्या आईला, रुख्मिणीबाईंना, साखरेचा आजार. टाचेची जखम तीन महिने भरत नव्हती. पाय घोट्यातून काढायचं ठरलं होतं, आणि ती तारीख आजचीच होती.

पण अळ्या कुठल्या माशीच्या, हे कळल्याशिवाय डॉक्टरांना पुढं जायचं नव्हतं. त्यांनी हिंगोलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या संध्याताईंना फोन केला. दुपारच्या एसटीनं त्या वसमतच्या दवाखान्यात आल्या, पिशवीत सूक्ष्मदर्शक घेऊन.

त्यांनी एक अळी काचेवर ठेवली. "मागच्या टोकाला श्वासाची छिद्रं असतात, त्यावरून माशी ओळखायची. एका माशीच्या अळ्या जिवंत मांस खातात. त्या असल्या तर पाय गुडघ्यापर्यंत जाईल."

"आन् ह्या?" सोमेश्वरनं विचारलं.

संध्याताईंनी आणखी चार अळ्या पाहिल्या. "ह्या हिरव्या माशीच्या. सडलेलं तेवढंच खातात."

डॉक्टरांनी जखम पुन्हा उजेडात धरली. काळं मांस उरलंच नव्हतं. खाली तांबडं, ताजं दिसत होतं. बोटानं दाबून पाहिलं, रक्त आलं.

"पाय काढायची गरज नाही," ते म्हणाले.

"राहिला म्हणा की माजा पाय," रुख्मिणीबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

सोमेश्वरनं हात जोडले. "नशीब बराबर होतं आईचं."

"नशीब नाही," संध्याताई म्हणाल्या. "उघड्या जखमेवर माश्या रोज बसतात, म्हणून लहानमोठ्या अळ्या सापडतात. ह्या सगळ्या एकाच वयाच्या आहेत. कोणीतरी मुद्दाम सोडल्यात."

सोमेश्वर मनकर्णाकडे वळला. "काहून केलंस हे?"

तिनं पदर मागं सारला आणि संध्याताईंकडे पाहिलं.

"अंडी आधी जंतुनाशकात धुतली होती, मॅडम," ती म्हणाली. "तुमी दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं तसं."