यादीतली बारा झाडं

"ही बारा," प्राचार्य म्हणाले आणि त्यांनी यादी पालिकेच्या उद्यान अधिकाऱ्याच्या हातात दिली. "सगळी वाळलीयत. कुणाच्या डोक्यात पडायच्या आत काढायला हवीत. तेवढीच पार्किंगला जागा होईल."

मार्च संपत आला होता. कॉलेजच्या मागच्या वृक्षोद्यानात यादीतली झाडं खरोखरच नुसत्या काड्या होऊन उभी होती. पहिलीच मोई. तिच्यावर पान औषधालाही नव्हतं. प्रीतम नावाच्या त्या तरुण अधिकाऱ्यानं वर पाहिलं आणि खिशातून पेन काढलं.

"साहेब, हे वाळलेलं नाहीय," उर्मिला पुढे होत म्हणाली. "मोईची ही पानगळ आहे."

उर्मिला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. तिच्या नेमणुकीची ऑर्डर दर जूनला नव्यानं निघायची आणि तिच्यावर सही प्राचार्यांची असायची.

"मॅडम, आत्ता तुमचा तास आहे ना?" प्राचार्यांनी शांतपणे विचारलं.

"आहे, सर. इथेच घेतेय."

तिनं वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकला. पाचेक मिनिटांत तीस मुलं-मुली झाडांत येऊन उभी राहिली. सकाळी फिरायला येणारी माणसंही आज घरी गेली नव्हती. शेजारच्या सिल्व्हर पार्क सोसायटीतले जयकुमारभाई होते. खारीगावातली जिजाबाई होती, ऐंशी ओलांडलेली. गुडघ्यांसाठी निर्गुडीचा पाला न्यायला ती रोज यायची आणि बहाव्याखालच्या बाकावर दम खायची.

"साहेब, सावलीमध्ये चालायला आमच्याकडे दुसरी जागाच नाय," जयकुमारभाई म्हणाले.

"काका, ते मला कळतंय. पण झाड मेलेलं असलं तर परवानगी मला द्यावीच लागते."

"आणि जिवंत असलं तर?" उर्मिलानं विचारलं.

"तर नाही देता येत."

तिनं मोईची एक फांदी खाली ओढली आणि अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. आत ओला, हिरवागार पट्टा दिसला. प्रीतमनं हात लावून पाहिला. पण यादीवर काही लिहिलं नाही.

मग ती यादीप्रमाणे चालत राहिली. शिरीष. वारस. शिवण. प्रत्येक झाडापाशी एकेक विद्यार्थी पुढे यायचा, साल खरवडायचा आणि मोठ्यानं सांगायचा, "हिरवं." अकराव्या झाडापर्यंत मुलांना चेव चढला होता. प्राचार्य घड्याळ पाहत मागून येत होते.

बारावा बहावा.

उर्मिलानं इथे मुलांना पुढे येऊ दिलं नाही. तिनं स्वतःच फांदी खरवडली. आत तपकिरी. तिनं दुसरी फांदी पाहिली, मग खाली वाकून बुंधा. नखाखाली भुसा आला. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅम, अजून खाली हिरवं असेल."

उर्मिलानं मुळाशी एकदा पाहिलं. मग ती उठली. बाकावरून जिजाबाई तिच्याकडेच बघत होती.

"हे मेलंय, साहेब," उर्मिला म्हणाली.

प्रीतमनं त्यानंतर पेनाचं टोपण काढलं. यादीवर अकरा जागी 'जिवंत' लिहिलं, एका जागी 'मृत', आणि खाली सही केली.

"मघापासून लिहीत नव्हतात," जयकुमारभाई म्हणाले.

"मॅडम बारावंही जिवंत म्हणाल्या असत्या, तर सगळीच दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतली असती," प्रीतम म्हणाला. त्यानं यादीची प्रत प्राचार्यांना दिली आणि तो निघाला.

प्राचार्यांनी कागदाची घडी घातली.

"जूनमध्ये बोलू, मॅडम."

"हो, सर."

ते गेले. मुलं वर्गाकडे वळली. उर्मिला बाकावर जिजाबाईशेजारी येऊन बसली.

"सावली बरी व्हती याची," जिजाबाई म्हणाली.

"खोटं सांगता आलं नाही, आजी."

"मी कुठं म्हनतंय सांग म्हनून? मेलेल्याला जितं म्हनून काय व्हनार हाय?" म्हातारीनं पाल्याची पिशवी पायाशी ठेवली. "ह्याच्या जागी काय लावशील?"

उर्मिलानं बहाव्याच्या बुंध्याभोवतीची माती पाहिली. चप्पल काढून तिनं टाचेनं ती दाबून पाहिली.

"ताम्हण," ती म्हणाली. "पावसाळ्यात लावू. पण फुलायला सहा-सात वर्षं लागतील."

"लागंनात," जिजाबाई म्हणाली. "मी हाय."