तळ्याकाठचा जनरेटर

"यात आवाज करणारं काही नाही का?" म्हाताऱ्याने विचारलं, आणि दुकानदाराला वाटलं, आपले कान वाजताहेत.

बॅटऱ्या आणि जनरेटर विकण्यात त्याची हयात गेली होती. गिऱ्हाईक यायचं तेच मुळी आवाज नको म्हणत. आताही त्याने आपली लाडकी पिवळी बॅटरी टेबलावर ठेवून तिचे गुण गायले होते. मोटरहोम, म्हणजे राहायच्या सोयीची गाडी, घेऊन फिरणाऱ्यांसाठी तिच्यासारखी वस्तू नाही. घरी चार्ज करायची, गाडीत ठेवायची आणि विजेचा खांबही दिसणार नाही अशा रानात खुशाल फ्रिज, पंखा, दिवे चालवायचे. धूर नाही, पेट्रोल नाही, हूं की चूं नाही.

"हूं की चूं नाही, तीच तर अडचण आहे," म्हातारा म्हणाला.

त्याची बायको खुर्चीत ताठ बसली होती. तिची नजर गेल्याला बरीच वर्षं झाली, हे त्याने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. आणि आता तो तिला दुकान दाखवत होता. "तुझ्या डाव्या हाताला पिवळी पेटी आहे, आपल्या पावाच्या डब्याएवढी. मागे लाल जनरेटर ओळीने मांडलेत. दुकानदार उंच आहेत. मिशीला कलप लावतात."

दुकानदाराचा हात मिशीकडे गेला. रागवायचं तरी कसं, माणूस खोटं बोलत नव्हता.

"मागच्या महिन्यात यांनी मला तळं दाखवलं," बाई कौतुकाने म्हणाली. "पांढरे पक्षी होते. एक तर यांच्या चपलेवरच येऊन बसला."

"बुटावर," म्हाताऱ्याने दुरुस्ती केली.

दुकानदार बघतच राहिला. त्याची स्वतःची बायको चांगली डोळस होती, पण तिला बाजारापलीकडे काही दाखवल्याचं त्याला आठवेना. आणि हा म्हातारा या वयात गाडी हाकतो, डोंगर चढतो, वर पक्षी कुठे बसला तेही लक्षात ठेवून सांगतो. नवरा असावा तर असा, त्याच्या मनात आलं, आणि जरा लाजही वाटली.

"पण काका, लोक रानात जातात ते शांततेसाठीच ना?"

"फार शांत असलं की हिला भीती वाटते."

बाईने क्षणभर मान खाली घातली. "हो," ती म्हणाली. "मला भीती वाटते."

मग तिने दोन्ही सुरू करून दाखवायला सांगितलं. बॅटरी लावली तेव्हा तिला चालू झाल्याचं सांगावं लागलं. जनरेटर मागच्या दारात नेऊन दोरी ओढली, तर काचा थरथरल्या आणि समोरचा शिंपी दुकानाबाहेर येऊन बघू लागला. बाई मात्र गाणं ऐकावं तशी ऐकत होती. तिने चाचपडत नवऱ्याचा हात धरला.

"हाच घ्या," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात तळ्यावर लागेल."

कानांवरच जिचं सगळं जग, ती नवऱ्याच्या शब्दासाठी कानांवरही पाणी सोडते आहे, असं दुकानदाराला वाटलं. त्याने लांब वायर फुकट दिली. धूर आत जाईल, यंत्र खिडकीपासून दूर ठेवा, असं तीनतीनदा बजावलं.

पुढच्या आठवड्यात म्हाताऱ्याचा फोन आला. तो कुजबुजत होता.

"भाऊ, यंत्र सुरूच होत नाही. लगेच येता का?"

"काका, मी तळ्यावर कसा येणार?"

"पत्ता देतो. मागच्या फाटकाने या. आणि तुमची गाडी जरा लांब लावा."

पत्ता दुकानापासून चार गल्ल्यांवरचा निघाला. घराच्या मागच्या अंगणात, पाण्याची टाकी आणि कपड्यांची दोरी यांच्यामध्ये, मोटरहोम उभं होतं. म्हाताऱ्याने त्याला फाटकातच गाठून भिंतीआड ओढलं.

"एकदा घाटात गाडी कठड्याला घासली," तो हळूच म्हणाला. "ही झोपली होती, तिला कळलं नाही. तेव्हापासून गावाबाहेर निघालो की माझे हात कापतात. पण तिला शब्द दिलाय हो, सगळं जग दाखवीन म्हणून. मग गावालाच फेऱ्या मारतो आणि इथे येऊन थांबतो. शेजारच्यांचा काही आवाज आला तर सगळं उघडं पडेल."

दुकानदार बाह्या सारून जनरेटरपाशी बसला. बिघाड काहीच नव्हता. घाईगडबडीत म्हातारा पेट्रोलची चावी उघडायला विसरला होता.

"कोण आलंय?" बाईने विचारलं. ती वाळत घातलेल्या चादरींकडे तोंड करून घडीच्या खुर्चीत बसली होती.

"अगं, आपले दुकानदार. योगायोग बघ, तळ्यावरच भेटले."

"इतक्या लांब आलात?"

"हो काकू," दुकानदार म्हणाला. "इथली हवा फार छान आहे." आयुष्यात इतकं मनापासून खोटं तो कधी बोलला नव्हता.

"अहो, यांना चहा तरी द्या," बाई म्हणाली.

म्हातारा चहा करायला गाडीत चढला. त्याच वेळी शेजारचं लोखंडी फाटक करकरलं आणि धाडकन लागलं. दुकानदार जागच्या जागी थिजला. बाईने चेहरा जराही हलवला नाही. फक्त हाताने त्याला जवळ बोलावलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"लवकर सुरू करा, भाऊ," ती म्हणाली. "शेजारच्यांचं फाटक वाजलं की यांचा जीव नुसता खालीवर होतो."