नमुन्यातलं नाव

"परत मेला का गं आपला शिरीष?" गवार मोडता मोडता आईने विचारलं. मृत्यूच्या नोंदीचा मेसेज आला होता आणि मोबाइल वृंदाच्या हातात होता.

पहिल्या मेसेजला आई ऊर बडवून रडली होती. तो अकोल्याहून आला होता. मग धुळ्याहून आला, मग साताऱ्याहून. दवाखान्यांतल्या या नोंदी आता एआय एजंट करत, आणि नोंदणीचं सॉफ्टवेअर कसं वापरायचं याच्या सूचना त्यांच्यासाठी वृंदानेच लिहिल्या होत्या. नमुना म्हणून तिने घर सोडून गेलेल्या धाकट्या भावाचं नाव आणि आईचा नंबर घातला होता. तेवढंच कुठेतरी त्याचं नाव राहील, म्हणून. बेवारस प्रेताची ओळख पटली नाही की एजंट सरळ नमुन्यातलं नाव आणि नंबर उचलून नोंदीत टाकत.

"एवढी शिकलीस, आणि एक नाव काढता येईना तुला?" आई करवादली. "चुकलंच ना परत ते?"

नाव आणि नंबर वृंदाने मागच्याच महिन्यात काढून टाकले होते.

"हो आई, चुकलंच," ती म्हणाली, आणि मोबाइल पालथा ठेवून आईसमोर गवार मोडायला बसली.