दोन थेंब

वहिनींनी दार उघडताच वैजयंताला ओकारी आली. बोक्याच्या मुताचा भपकारा सोफ्यातून, गाद्यांतून, अगदी मिक्सरमधूनही येत होता. आत हळदीकुंकवाला आलेल्या बायका मात्र मजेत बसल्या होत्या.

"वहिनी, वास घालवायला कंपनीची माणसं आली होती ना?" तिने पदर नाकाला लावला.

"आली होती की! सोफा धुऊन काय होतंय? त्यांनी आमची नाकंच दुरुस्त केली."

वहिनींनी तिला कुंकू लावलं आणि ड्रॉपर पुढे केला. वैजयंता मागे सरली.

"अगं, वाणाला नाही म्हणू नये."

नाकात दोन थेंब पडले आणि घाण वास पार नाहीसा झाला. वैजयंता सोफ्यावर टेकली. साडी खालून ओली होत गेली. खिरीची वाटी तिने चाटूनपुसून संपवली, जिभेवरचा बोक्याचा केस चिमटीने काढला आणि म्हणाली, "वहिनी, अजून वाढा."