सावरीचे बोळे

"शी! हे घरात आणायचं?" लमायने बाहीने नाक दाबलं.

आनोनने जुनं, मोठं मशीन जमिनीवर ठेवलं, तशी त्याच्या जाळीतून झुरळांची टरफलं, बदकाची पिसं आणि पालीच्या लेंड्या खाली सांडल्या. मशीन आधी कोणाच्या तरी बदकांच्या शेडमध्ये चालत होतं. वासही तसाच मारत होता. शेजारी दुसरं होतं, नवं, छोटं, चकचकीत. दोन्ही बिटकॉइन काढायचीच. आनोन गल्लीतलाच, असली जुनी-नवी मशीनं विकायचा. लमायच्या नवऱ्याला, थवतला, त्यातलं एक आज घ्यायचं होतं आणि आईच्या खोलीत बसवायचं होतं, कारण असली मशीनं फार तापतात आणि राचबुरी गावातल्या त्या घरात एसी तेवढ्या एकाच खोलीत होता.

आई, म्हणजे बुनमी, पलंगावर होती. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले. न्हाणीघरात पडून कंबर मोडली तेव्हापासून ती तिथेच होती, आणि तेव्हापासूनच तिला ऐकू येईनासं झालं होतं. लमायने हाका मारून पाहिल्या, थवतने कानाशी ओरडून पाहिलं, म्हातारी ढिम्म. मग दोघांनी हाका मारणं सोडलं. बोलणं मात्र सोडलं नाही. उलट आता कुजबुजायचीही गरज उरली नव्हती. अंथरूण बदलताना, अंग पुसताना, पेज भरवताना लमाय तोंडाला येईल ते बोलायची. थवत तिची री ओढायचा.

"दादा, छोटं घ्या," आनोन म्हणाला. "पंख्याएवढाच आवाज. मोठ्याची कमाई जास्त आहे, नाही म्हणत नाही. पण ते रात्रंदिवस बोंबलतं. शेडमधल्या बदकांनी अंडी घालणं बंद केलं होतं. इथे तर माणूस झोपतं ना?"

"झोपतं, पण ऐकतंय कोण?" थवत हसला. "आमची आई ठार बहिरी. लोकांना आवाजामुळे असलं मशीन घरात ठेवता येत नाही. आमचं नशीब बघ."

"तरी पण, दादा..."

"तरी नाही न् बिरी नाही," लमाय म्हणाली. "बाहेरच्या खोलीत मी हे धूड ठेवू देणार नाही, सांगून ठेवते. मला माझ्या मालिका बघायच्या असतात. इथेच ठेवा. हिला काय फरक पडतोय? नाहीतरी किती दिवसांची पाहुणी आहे."

आनोनने म्हातारीकडे पाहिलं आणि मान फिरवली. एवढी झुरळं हाताळून त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आत्ता किळस आली. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. तो वायरीचा गुंता सोडवायला बसला.

लमायने केरसुणी आणि सुपली आणली. पिसं आणि टरफलं भरली. मग सवयीने पलंगाखाली केरसुणी फिरवली आणि तिचं तोंड वाकडं झालं. आजही होतेच. सावरीच्या कापसाचे बोळे, शेंगदाण्याएवढे, पिवळट, चिकट.

"बघितलंस? रोजचं आहे हे," तिने सुपली आनोनच्या नाकासमोर धरली. "उशी उसवते, कापूस चघळते आणि खाली थुंकते. मी स्वतः ठासून भरून दिली होती रे ती उशी. चिपाड करून टाकलं. रोज सकाळी वाकून वाकून हे मीच उचलायचं. आणि मी माहेरी गेले की एक बोळा सापडत नाही. मी असले की हिला मुद्दाम चेव येतो!"

थवतने मोठ्या मशीनवर थाप मारली. "हेच घेतो. लाव."

आनोनने बटण दाबलं.

खोलीत विमान शिरावं तसा आवाज झाला. खिडकीच्या काचा थरथरल्या. गरम वारा सुटला आणि बदकांच्या घाणीचा दर्प खोलीभर पसरला. लमायच्या दोन्ही हातांत केरसुणी आणि सुपली, तिला कान झाकता येईनात. थवत हसत हसत आईकडे बोट दाखवत होता. "बघ! हूं की चूं नाही!" तो ओरडला.

लमायने पाहिलं.

म्हातारी तशीच होती. भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले. फक्त हात हलला. उशीच्या उसवलेल्या शिवणीत दोन बोटं गेली, चिमूटभर सावर बाहेर आली. ती तिने वळली, जिभेला लावून ओली केली आणि एका कानात बसवली. मग डोकं जरासं उचलून दुसऱ्या कानात. कुठे चाचपडली नाही, कुठे थांबली नाही. रोज केसांना गाठ मारावी इतका सरावाचा हात.

लमायने सुपलीकडे पाहिलं. हे बोळे कालचे. काल अंथरूण बदलताना ती काय काय बोलली होती, ते तिला शब्दन् शब्द आठवलं. परवाचंही आठवलं. आत्ता, थोड्या वेळापूर्वी बोललेलंही. तिला स्वतःचीच अशी शिसारी आली की सुपली हातातून सुटली आणि सगळा केर पायावर सांडला.

तिने पुढे होऊन मशीनची वायर उपटली.

"काय झालं? बंद का केलंस?" थवत ओरडला. शांत झालेल्या खोलीत ते फारच मोठ्याने वाजलं. लमाय पलंगावरच्या त्या चपट्या उशीकडे बघत उभी राहिली.

मशीन थांबलं होतं. तरी म्हातारीने कानातले बोळे काढले नाहीत. खोलीत अजून माणसं होती.