आजींची वाट

"पहिल्याच दिवशी नाकं मुरडतेय. आपलं जेवण चालत नसेल तर दुसरीकडे खोली बघावी म्हणावं," वैजयंती वाटीत आमटी ओतताना नवऱ्याकडे पुटपुटली. एकोणनव्वद साली लंडनजवळच्या पिनरमधल्या त्यांच्या घरी भाड्याने राहायला आलेली कोरियन विद्यार्थिनी सूजिन भरल्या ताटापुढे नुसतीच बसून होती.

"तुला आवडलं नाही का?" जयंतने इंग्रजीत विचारलं.

"तसं नाही. आमच्यात घरातलं सगळ्यात मोठं माणूस आधी चमचा उचलतं, मग बाकीचे. मी आजींसाठी थांबलेय."

जयंतने किचनकडे वळून आईला ते मराठीत सांगितलं. वैजयंतीने पापडाचा डबा उगाच उघडून झाकला.

 

"जयंता," किचनमधून सासूबाई म्हणाल्या, "तिला सांग, जेवून घे. तुमचं आटोपून काही उरलं, तरच मी जेवते."