पिवळ्यासाठी लावलेला आरसा

नवीन जालन्यातल्या त्या घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती, आणि तिच्यात पिवळा टँग मासा एकटाच राज्य करायचा. बियाणे कंपनीतल्या वसंताने मुंबईहून निळा टँग आणून सोडला, तसा पिवळा त्याच्या अंगावरच धावला.

"भाऊबंद हायेत, भांडतीलच की!" वसंताची आई चतुराबाई हसल्या.

मासे विकणाऱ्या दुकानदाराने उपाय सांगितला होता. वसंताने टाकीच्या काचेला बाहेरून आरसा चिकटवला. पिवळा आपल्याच प्रतिबिंबाशी झुंजत राहील, तोवर निळा रुळेल.

"प्रभा, लेकराला तिकडं नेऊ नको बाई," चतुराबाईंनी सुनेला बजावलं. "दात येईस्तोवर आरसा न्हाई दावायचा."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी प्रभाला टाकीतून टक् टक् ऐकू आलं. बाळाला कडेवर घेऊन ती तशीच गेली.

दोन्ही मासे दगडाआड एकमेकांना चिकटून बसले होते. पिवळ्याचे पर फाटले होते. आरशातला पिवळा मात्र अजून काचेवर धडका देत होता.

सासूबाईंचं बोलणं विसरून प्रभाने एका हाताने आरसा ओढून काढला. तो हातात फिरला आणि मायलेकरांसमोर आला.

बाळ किंचाळलं. त्याने तिच्या खांद्यात तोंड खुपसलं.

आरसा फेकायचा होता, पण तिची बोटं सुटेनात.

आरशातल्या तिच्या कडेवरचं बाळ तोंड लपवत नव्हतं. तिच्याकडे येण्यासाठी ते हात पसरून हसत होतं. त्याला दोन दात आले होते.